मेनूकार्डावर बोट न ठेवता : परदेशी पदार्थांची नावं उच्चारायची कशी

कोल्हापुरात, राजारामपुरीत माझ्या भाचीनं छोटासा कॅफे काढला. सुरुवातीचे काही महिने संध्याकाळी मी गल्ल्यावर बसायचो. तिथं एक गोष्ट रोज दिसायची. बाजारात, तालमीत खड्या आवाजात बोलणारी माणसं मेनूकार्ड हातात आलं की गप्प व्हायची आणि एखाद्या ओळीवर बोट ठेवून म्हणायची, "हे एक द्या." नाव चुकलं आणि पलीकडच्या टेबलावरचं कोणी हसलं तर, ही धास्ती. माझे वडीलही तसंच करायचे. पुण्यातल्या एका हॉटेलात त्यांनी एका पदार्थाचं नाव मोठ्यानं वाचलं आणि वेटर गालात हसला. त्यानंतर बाहेर जेवायला गेले की ते फक्त बोट ठेवायचे. ते मला अजून सलतं.

दुसरी बाजूही आपल्या ओळखीची आहे. बाहेरगावचा पाहुणा 'मिसल' म्हणतो, 'रंकाला' म्हणतो, 'कोलापूर' म्हणतो, तेव्हा कानाला खटकतंच. ळ आणि ल्ह गेला की पदार्थही आपला वाटत नाही आणि गावही. नेपल्सच्या किंवा मेक्सिकोच्या माणसाला त्याच्या घासाचं नाव ऐकताना असंच होत असणार.

भाचीच्या कॅफेचा फलक देवनागरीत लिहायचं ठरलं तेव्हा मी या नावांच्या मागे लागलो, आणि एक गोष्ट पक्की कळली. ही नावं आपल्याला अवघड जातात कारण ती आपल्याकडे इंग्रजीच्या दारातून येतात. इंग्रजी तोंडानं ती आधीच वाकवलेली असतात. ते दार सोडून थेट मूळ घरी गेलं, तर बहुतेक आवाज मराठी जिभेवर आधीपासून आहेत आणि देवनागरीत ते चांगले लिहिता येतात. कसं, ते क्रमानं सांगतो.

आधी घर शोधा

नाव वाचण्याआधी ते कुठल्या भाषेतलं आहे ते बघायचं. हे सोडून पुढं गेलात तर सगळं चुकतं, कारण रोमन अक्षरं तीच असली तरी प्रत्येक भाषेत त्यांचा आवाज वेगळा. 'सी-एच' ही जोडी घ्या. इटालियनमध्ये तिचा क होतो, म्हणून ब्रुस्केत्ता. फ्रेंचमध्ये श, म्हणून कीश. स्पॅनिशमध्ये सरळ आपला च, म्हणून चुर्रो. 'डबल एल'चंही तसंच. इटालियन मोत्सारेल्लामध्ये तो ठसठशीत ल्ल आहे, तर स्पॅनिश तोर्तियामध्ये य. केसादिया हा शब्द इंग्रजी पद्धतीनं वाचला तर 'क्वेसाडिला' होतो आणि त्यात मूळ नावातलं फारसं काही उरत नाही. वडिलांचा अडला होता तो हाच शब्द. त्यांनी छापलेलं अक्षरन् अक्षर वाचलं होतं, चूक त्यांची नव्हतीच.

भाषा कुठली हे कार्डावर लिहिलेलं नसतं. पण कुठल्या देशाचा पदार्थ एवढं कळलं की बहुतेक वेळा भागतं.

ट चा त करा, ॲ चा आ करा

एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी निम्मं काम झालं, म्हणून इथं जरा थांबतो.

इंग्रजी 'टी' म्हणताना जीभ दातांच्या मागच्या हिरडीवर टेकते. आपल्या त आणि ट यांच्या मधली ही जागा. मराठी कानानं ती ट कडे ढकलली, म्हणून टेबल, तिकीट सोडून टिकीट, टोमॅटो. इंग्रजी शब्दांना ते चालतं. पण इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच माणसाची जीभ दातांना टेकते, अगदी आपल्या त-द सारखी. म्हणजे तिथं ट मुळात नाहीच. टॅको नव्हे, ताको. रिसॉटो नव्हे, रिझोत्तो. बगेट नव्हे, बागेत. ग्रीक चीज फेटा नव्हे, फेता. 'पास्ता' मात्र आपण पहिल्यापासून बरोबर म्हणत आलो.

ॲ चंही असंच. 'कॅट', 'बॅट' मधला हा स्वर इंग्रजीचा. इटालियन आणि स्पॅनिशला तो माहीत नाही. तिथं 'ए' अक्षर दिसलं की तोंड उघडून आ म्हणायचं : लात्ते, साल्सा, नाचोस. आणखी एक फायदा आपल्याला फुकट मिळतो. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीचे प, त, क थोडे फ, थ, ख सारखे फुंकून म्हणतो. इटालियन आणि स्पॅनिशमध्ये ते आपल्यासारखेच कोरडे असतात. त्यामुळे लंडनच्या माणसापेक्षा कोल्हापूरचा माणूस 'ताको' मूळच्या जास्त जवळ म्हणू शकतो.

जर्मन, डच आणि इंग्रजी पदार्थांना हा नियम लावू नका. ब्राटवुर्स्ट, श्ट्रूडेल यांतले ट-ड तसेच राहू द्या.

रश्श्याचा जोर

इटालियनमध्ये एकच अक्षर दोनदा लिहिलं असेल तर ते खरोखर दोनदा म्हणायचं, म्हणजे जीभ तिथं क्षणभर धरून ठेवायची. इंग्रजी माणसाला हे जमवायला सराव लागतो. आपल्याला सांगायचीही गरज नाही. कोल्हापुरात कोणी 'तांबडा रसा, पांढरा रसा' म्हणत नाही, स वर दाब देऊन रस्साच म्हणतो. गडी वेगळा आणि मेथीची गड्डी वेगळी. तोच दाब इथं द्यायचा : काप्पुच्चीनो, एस्प्रेस्सो, स्पागेत्ती, न्योक्की, फोकाच्चा.

पेन्नेच्या बाबतीत तर हे सोडूच नका. पेन्ना म्हणजे पीस किंवा लेखणी. या पास्त्याच्या नळ्या बोरूसारख्या तिरक्या कापलेल्या असतात, म्हणून पेन्ने. त्यातला एक न गाळला तर इटालियनमध्ये चारचौघांत न उच्चारण्याजोगा शब्द तयार होतो.

एस्प्रेस्सोमध्ये 'एक्स' कुठंही नाही, त्यामुळे 'एक्स्प्रेसो' म्हणायचं कारण नाही.

एका चिंचेत दोन च

'चिंच' हा शब्द सावकाश म्हणून बघा. पहिला च चहातला आहे, जीभ टाळूला पसरून लागते. दुसरा च चमच्यातला, चटणीतला, जीभ दातांमागे लागून त्स असा सुटतो. लिहिताना दोन्ही सारखे, म्हणताना वेगळे, आणि मराठी घरातल्या लहान पोरालाही ते न शिकवता येतात. हिंदीत हा दुसरा च नाही.

इटालियन पदार्थांसाठी हे दोन्ही लागतात. 'सी'नंतर 'ई' किंवा 'आय' आला तर पहिला, चहातला च : चाबात्ता, फेत्तुच्चीने, पान्चेत्ता. 'डबल झेड' दिसला तर बहुधा दुसरा, चटणीतला. म्हणजे पिझ्झा मुळात 'पीत्त्सा', झ चा त्यात मागमूस नाही. मोत्सारेल्लाही तशीच. काल्त्सोने, म्हणजे दुमडून करंजीसारखा बंद केलेला पिझ्झा, त्यातही तोच त्स.

इटालियनचं उरलेलं थोडं इथंच संपवतो. 'सी' आणि 'जी' पुढं 'एच' आला की ते कडक होतात, क आणि ग. म्हणून मार्गेरीता, आणि माक्कियातो. 'जी-एन' म्हणजे ञ, अर्थात न्य : लाझान्ये, न्योक्की. 'जी-एल-आय' म्हणजे ल्य : ताल्यातेल्ले, आणि लसूण-तेलाचा तो साधा, सुरेख पास्ता आल्यो ए ओल्यो. शेवटचा 'ई' कधीही गिळायचा नाही : मिनेस्त्रोने, मास्कारपोने. पानीनीमध्ये न आहे, व्याकरणकार पाणिनींचा ण नव्हे. आणि हे अनेकवचन आहे, एकाला पानीनो म्हणतात. इटलीत जाऊन नुसतं 'लात्ते' मागितलं तर पेल्यात दूध येतं, कारण त्या शब्दाचा अर्थच दूध. कॉफी हवी तर काफ्फेलात्ते म्हणायचं.

स्पॅनिश : सगळ्यांत सोपी

स्पॅनिशमध्ये स्वर पाचच, आ ए ई ओ ऊ, आणि ते जागा बदलत नाहीत. पाच-सहा अक्षरांच्या खोडी कळल्या की मेक्सिकन मेनू कुठंही न अडता वाचता येतो.

'जे' म्हणजे घशातून खरखरीत येणारा ह. 'क्यू-यू' म्हणजे नुसता क, क्व नव्हे, म्हणून केसादिया आणि किनोआ. 'एन'वर नागमोडी रेघ असेल तर ञ. 'एच' मुका. एक 'आर' असेल तर आपला साधा र, दोन असतील तर 'भर्रकन' मधला थरथरणारा : बुर्रितो, चुर्रो. फाहिता, हालापेञो, ग्वाकामोले, चिपोत्ले हे सगळे याच नियमांत बसतात. हालापेञोला हे नाव मेक्सिकोतल्या हालापा शहरावरून मिळालं, म्हणजे 'कोल्हापुरी मिरची' म्हणावं तसं 'हालापाची मिरची'. नाचो हे इग्नासियो नावाचं घरातलं लाडाचं रूप. सरहद्दीवरच्या पिएद्रास नेग्रास गावात इग्नासियो आनाया यांनी 1940च्या दशकात हा पदार्थ पहिल्यांदा वाढला.

तोर्तिया मागताना एक ध्यानात ठेवा. मेक्सिकोत ती मक्याची किंवा गव्हाची पोळी, स्पेनमध्ये बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट. उच्चार तोच, ताटात येणारी वस्तू निराळी.

फ्रेंच : इथं मेहनत आहे

फ्रेंचमध्ये लिहिलेलं बरंच काही म्हणायचं नसतं. शब्दाच्या शेवटी 'टी', 'डी', 'एस', 'एक्स', 'पी' आला तर तो बहुधा मुका. सॉर्बे, कामांबेर हे असे होतात. मात्र त्या व्यंजनापुढं 'ई' असेल तर ते व्यंजन बोलतं आणि 'ई' गप्प बसतो : बागेत, विनेग्रेत, क्रेप, मूस, गानाश. 'ई'वर उजवीकडं चढणारी रेघ असेल तर मात्र स्पष्ट ए : प्युरे, सूफ्ले, कानापे, सोते.

क्रवासाँ हा सगळ्यांचा अडणारा शब्द. तो तुकड्यांत घ्या. र जिभेच्या टोकानं म्हणायचा नाही, गुळण्या करताना घसा जिथं घुरघुरतो तिथून काढायचा. मग 'वा'. मग साँ, हवा नाकातून सोडत. शेवटी न किंवा म उमटू द्यायचा नाही, ट तर नाहीच. हा नाकातला स्वर प्रमाण मराठीतून जवळजवळ गेला, पण गगनबावड्याचा घाट उतरून खाली गेलात की कोकणी बोलणाऱ्यांच्या 'हांव' मध्ये तो रोज ऐकू येतो. तिकडचं कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडून शिका.

फ्रेंच 'यू' आपल्याकडं नाही. त्याची युक्ती अशी : तोंडात 'ई' म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठ तेवढे 'ऊ'सारखे गोल करा. निघेल तो स्वर फॉन्द्यू आणि क्रेम ब्र्युले यांत लागतो. देवनागरीत त्याला अक्षर नसल्यानं आपण यू लिहून भागवतो. पहिले दोन दिवस आरशासमोर करा, ओठ ढिले पडले की लगेच दिसतं.

माकारों आणि मॅकरून यांत गल्लत करू नका. पहिला फ्रेंच, बदामाच्या पिठाचा, दोन रंगीत चकत्यांमध्ये मलई भरलेला. दुसरा आपल्या बेकऱ्यांत बहुधा खोबऱ्याचा मिळतो.

पूर्वेकडं

थाई नावं इंग्रजीनं सर्वांत जास्त बिघडवली, आणि देवनागरीत ती सर्वांत नीट बसतात. थाईमध्ये प-फ, त-थ, क-ख असा आपल्यासारखाच भेद आहे. ज्याला 'पॅड थाई' म्हणतात तो मुळात फत्-थाइ, आणि यातला फ 'फळ' मधला, ओठ मिटून हवा सोडणारा. नारळाच्या दुधातलं सूप तोम-खा, आंबट-तिखट सूप तोम-यम.

व्हिएतनामी नूडल्सच्या सूपचा फ मात्र निराळा. खालचा ओठ वरच्या दातांना लावून फ, पुढं 'अ' थोडा लांबवलेला : फऽ. सूर आधी खाली जाऊन मग वर उठतो, आपण आश्चर्यानं "हंऽ?" विचारतो तसा. 'फो' नव्हे.

जपानीत प्रत्येक मात्रा सारख्या लांबीची, ओवीच्या ठेक्यासारखी. माच्चामध्ये च वर थांबायचं. रामेनचा न स्वतःची एक मात्रा घेतो. साके, मिसो, वासाबी, तेंपुरा जसेच्या तसे वाचा. सुशी समासात दुसरं पद म्हणून आली की तिचं झुशी होतं, माकीझुशी. संधी शिकलेल्या माणसाला यात नवल वाटायला नको. कोरियन किम्चीचा क अगदी हलका, ग कडं झुकलेला. बिबिम्बापचा पहिला ब ऐकताना प वाटतो.

शेजवान हा चीनच्या सिच्वान प्रांताच्या नावाचा, जुन्या रोमन स्पेलिंगवरून वाचलेला अवतार. चिनी माणसाच्या तोंडी तो स्-छ्वान असा येतो. पण गाड्यावरचा शेजवान राइस आपल्याकडच्या चवीचा आहे, त्याला शेजवानच म्हणा.

राहिलेले दोन-तीन पटकन सांगतो. हुम्मुसमध्ये म चा दाब रश्श्यासारखा आणि ह घशाच्या तळातून, आरसा पुसण्याआधी त्यावर वाफ सोडतो तसा. अरबीत या शब्दाचा अर्थ हरभरा. गौडा चीज डच आहे, मूळ उच्चार खाउडा, ख घासून. आणि लांबलचक स्पेलिंगचा तो इंग्रजी सॉस फक्त वुस्टर सॉस.

जोर कुठं द्यायचा

मराठीत शब्दातल्या एखाद्याच अक्षरावर ठोसा देऊन आपण बोलत नाही. इटालियन आणि स्पॅनिशमध्ये तो द्यावा लागतो, बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या अक्षरावर : ग्वाकामोले मध्ये मो वर, मोत्सारेल्ला मध्ये रे वर. शेवटच्या स्वरावर रेघ असेल तर जोर तिथं, जसा तिरामिसूच्या सू वर. फ्रेंचमध्ये नेहमी शेवटी. जपानीत हा ठोसा नाहीच. देवनागरीत हे दाखवायची सोपी सोय म्हणजे दीर्घ वेलांटी. 'काप्पुच्चीनो' असं लिहिलं की वाचणारा आपोआप ची लांबवतो.

तपासून घ्या, मग तोंडात बसवा

गूगल ट्रान्सलेटमध्ये शब्द टाकून कर्णा दाबताना डावीकडची भाषा इटालियन किंवा स्पॅनिश निवडलेली हवी. ती इंग्रजी राहिली तर यंत्र इंग्रजी उच्चारच ऐकवतं आणि आपण तोच खरा मानतो. माझा स्वतःचा भरवसा फोर्वो या संकेतस्थळावर जास्त, कारण तिथं त्या त्या भाषेच्या माणसांनी स्वतःच्या आवाजात शब्द म्हटलेले असतात. एकाच शब्दाचे दोन-तीन आवाज ऐका, सगळ्यांत सारखं काय आहे ते धरा. यूट्यूबवर 'उच्चार शिका' म्हणणाऱ्या चित्रफितींपेक्षा त्या देशातली बाई किंवा बाप्या तो पदार्थ रांधताना बघा. नाव सहज, घाईत, खऱ्या वाक्यात येतं.

लांब शब्द शेवटाकडून बांधा : दिया, सादिया, केसादिया. ताल्यातेल्लेही तसंच : तेल्ले, ल्यातेल्ले, ताल्यातेल्ले. मग मोबाइलवर स्वतःचा आवाज घेऊन मूळ आवाजाच्या शेजारी ऐका. रोज तीन शब्द पुरेत. कॅफेतल्या पोरांकडून आम्ही हे दुकान उघडण्याआधी, टेबलं पुसता पुसता करून घेतलं.

गिऱ्हाइकासमोर

तुम्ही वाढणारे असाल तर एकच पथ्य पाळा : गिऱ्हाइकाला दुरुस्त करायचं नाही. काका म्हणाले, "दोन टॅको द्या," तर उत्तर द्या, "दोन ताको, देतो काका. तिखट चालंल न्हवं?" नाव त्यांच्या कानावर पडलं, मान राखला गेला. पुढच्या खेपेला बरेच जण आपणहून बदलतात. भाचीनं हा नियम पहिल्याच दिवशी घातला आणि तो मोडलेला तिला चालत नाही.

खाणारे असाल तर नाव स्पष्ट, सावकाश घ्या. अडलं तर सरळ विचारा, "याला काय म्हणतात?" विचारण्यात कमीपणा नाही.

पिझ्झाला मी कोल्हापुरात पिझ्झाच म्हणतो, 'पीत्त्सा' म्हणत नाही. जो शब्द गल्लीबोळात मुरला तो आता मराठी झाला. पाव मुळात पोर्तुगीज, त्यांच्या तोंडी नाकातून येणारा पाँव. जपान्यांनीही तोच शब्द घेतला आणि त्याचा पान केला. पोर्तुगीज बटाटा खरं तर 'बाताता', आपण त्याचे दोन्ही त ट करून टाकले, आणि आता कोणी 'बाताता भाजी' म्हणावं असं मी सुचवणार नाही. बरोबर उच्चाराची धडपड नव्या नावांसाठी करा, जी अजून कुठल्याच रूपात मुरलेली नाहीत. ती पहिल्यांदाच नीट रुजवता येतात.

फलक रंगवायला देण्याआधी शेवटची परीक्षा घ्यायची ती इंग्रजी न वाचणाऱ्या माणसाची. कागदावर नावं देवनागरीत लिहा, त्यांच्या हातात द्या आणि मोठ्यानं वाचायला सांगा. ऐकताना कुठं अडखळलं, कुठं भलताच आवाज आला, तिथं लिहिणं बदला. जोडाक्षर फोडा, वेलांटी दीर्घ करा. आम्ही कागद माझ्या आईला दिला. तिनं चष्मा लावला, ओळीवरून बोट फिरवत एकेक नाव वाचलं. केसादिया. ब्रुस्केत्ता. न्योक्की. तिन्ही स्वच्छ, दाबासकट. मग चष्म्यावरून बघत म्हणाली, "हे न्योक्की कशाचं असतंय?"

"बटाट्याचं," भाची म्हणाली.

"मग हाय की घरात," आई म्हणाली, आणि पुढची ओळ वाचायला लागली.